ऑरेगनचा किनारा : वहिवाट, कायदा आणि स्वयंसेवक

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात सुमारे ५८० किलोमीटरच्या सागरतटावरील वाळूचे पट्टे सर्वसामान्यांना खुले आहेत. हा हक्क कायद्याने मान्य केला असला, तरी त्याचा पाया लोकांच्या दीर्घ वहिवाटीत आहे.

डोंगरांची टोके थेट समुद्रात उतरत असल्यामुळे येथे रस्ते बांधणे अवघड होते, म्हणून ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी घट्ट वाळू हाच कित्येक वसाहतींना जोडणारा मार्ग होता आणि घोडागाड्या व टपाल त्यावरूनच जात असे. भरतीच्या पट्ट्यातील काही जमीन मात्र राज्याने खासगी मालकांना विकली होती. ही विक्री थांबावी म्हणून गव्हर्नर ओस्वाल्ड वेस्ट यांच्या कारकिर्दीत, १९१३ मध्ये, विधिमंडळाने कोलंबिया नदीच्या मुखापासून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंतचा, तोवर न विकलेला भरती-ओहोटीचा पट्टा सार्वजनिक महामार्ग म्हणून घोषित केला.

या कायद्याचे संरक्षण ओल्या वाळूपुरतेच होते. भरतीरेषेपासून झाडोऱ्यापर्यंतची कोरडी वाळू, जिथे लोक प्रत्यक्षात बसत व वावरत, ती कागदोपत्री लगतच्या मालकांचीच राहिली. १९६६ मध्ये कॅनन बीच या गावातील एका मोटेलने आपल्या समोरची वाळू पाहुण्यांसाठी राखून घेतली, तेव्हा ही उणीव उघड झाली. त्यातून आलेले विधेयक विधिमंडळात रेंगाळले असता गव्हर्नर टॉम मॅकॉल मे १९६७ मध्ये शास्त्रज्ञ व भूमापकांसह हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले आणि समुद्रसपाटीपासून १६ फूट उंचीची रेषा कुठवर येते हे त्यांनी वृत्तपत्रांसमक्ष दाखवून दिले. जुलैमध्ये संमत झालेल्या कायद्याने जमिनीची मालकी बदलली नाही, परंतु झाडोऱ्याच्या रेषेपर्यंत लोकांचा वापराचा हक्क मान्य केला.

या हक्काला न्यायिक आधार १९६९ मध्ये 'थॉर्नटन विरुद्ध हे' या खटल्यात मिळाला. प्रदीर्घ वापरामुळे मिळणारा नेहमीचा हक्क एकेका भूखंडापुरता सिद्ध करावा लागतो. संपूर्ण किनाऱ्याचा प्रश्न एकदाच सुटावा म्हणून न्यायमूर्ती आल्फ्रेड गुडविन यांनी अठराव्या शतकातील इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टोन यांनी सांगितलेल्या रूढीच्या कसोट्या लावल्या. रूढी प्राचीन, अखंड, निर्विवाद, वाजवी आणि निश्चित असावी, अशा त्या कसोट्या होत. प्राचीनतेचा पुरावा म्हणून न्यायालयाने मूलनिवासींकडे बोट दाखवले : गोऱ्या वसाहतकारांना ते ओल्या वाळूतून शिंपल्या उकरताना आणि कोरड्या वाळूवर चुली पेटवताना आढळले होते. ज्यांच्या वावराने ही रूढी सिद्ध झाली, त्यांना १८५५ मध्ये नेमून दिलेले किनारी राखीव क्षेत्र १८६५ व १८७५ मध्ये तोडून वसाहतीसाठी खुले केले गेले होते, हा विरोधाभास या निकालाचा इतिहास सांगताना वगळता येत नाही.

हक्क मिळाला, तरी तो राखण्याचे काम एकट्या सरकारच्या आवाक्यातले नव्हते. भूगोलाचे प्राध्यापक सॅम्युएल डिकेन यांनी १९५९ मध्ये किनारपट्टीभर सलग पायवाटेची कल्पना मांडली होती. पुढे ती 'ऑरेगन कोस्ट ट्रेल' म्हणून आकाराला आली आणि तिचा मोठा भाग वाळूवरूनच जातो. ऑक्टोबर १९८४ मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागातील जूडी नील्सन यांच्या पुढाकाराने सुमारे २,१०० स्वयंसेवकांनी एकाच दिवशी राज्यभरातील किनारा साफ केला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑरेगन शोअर्स' या संस्थेने १९९३ मध्ये 'कोस्टवॉच' उपक्रम सुरू करून किनाऱ्याचे मैल-मैलाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर नियमित फेरी मारून तेथील बदल टिपण्याची जबाबदारी नागरिकांकडे दिली.

या नोंदींचे महत्त्व धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या बाबतीत विशेष जाणवते, कारण बंधाऱ्यामागची मालमत्ता वाचते, परंतु समुद्र पुढे सरकताना वाळूला मागे हटण्यास जागा न राहिल्याने सार्वजनिक पट्टाच अरुंद होत जातो. म्हणूनच १ जानेवारी १९७७ नंतर विकसित झालेल्या मालमत्तांना राज्याचे नियोजन-धोरण सहसा असे बंधारे बांधू देत नाही. मात्र या धोरणाला अपवाद मागितले जातात, आणि त्यांची छाननी होताना किनाऱ्याची पूर्वीची स्थिती सांगणारा साक्षीदार लागतो. न्यायालयाने लोकांच्या वावरातून जो हक्क सिद्ध मानला, तो टिकवण्यासाठीही तोच वावर, आता नोंदवहीसह, आवश्यक ठरला आहे.