एक धड, तीन मुखवटे

व्यक्तिचित्रातील माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते, असे आपण गृहीत धरतो. सतराव्या शतकातील एक ताम्रमुद्राचित्र मात्र या समजुतीला छेद देते. पिएर लोंबार या फ्रेंच कलावंताने १६५५च्या सुमारास, लंडनमधील वास्तव्यात कोरलेले हे चित्र ‘मस्तकहीन घोडेस्वार’ या नावाने प्रसिद्ध आहे.

त्याची मांडणी उसनी आहे. अँथनी व्हॅन डाइकने १६३३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे अश्वारूढ चित्र रंगवले, सुमारे ३.७ मीटर उंचीचे हे चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. चार्ल्स शरीराने ठेंगणा होता. व्हॅन डाइकने दृष्टिबिंदू खाली ठेवला, घोडा थेट पाहणाऱ्याच्या दिशेने आणला, राजाच्या अंगावर चिलखत चढवले आणि हाती सेनापतीचा दंड दिला. शेजारी पायी चालणारा अश्वविद्येचा गुरू मान वर करून राजाकडे पाहतो. बरोक शैलीची सारी युक्ती येथे आहे: चेहरा न ओळखणाऱ्यालाही ‘हा सत्ताधीश’ एवढे उमगतेच.

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. १६५३ मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला आणि लोंबारच्या चित्रात त्याच राजेशाही घोड्यावर त्याचे मस्तक आले. राजपद संपवणाऱ्या पक्षाला राजाचीच बैठक वापरावी लागली, हा विरोधाभास कोणत्याही राजकीय पत्रकापेक्षा बोलका वाटतो.

पुढचा प्रकार त्याहून विलक्षण. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ पुसता येते. तेवढा भाग खरवडतात, मागून ठोकून पृष्ठभाग पुन्हा समपातळीत आणतात, घोटतात आणि नव्याने कोरतात. संपूर्ण पत्रा कोरणे अतिशय वेळखाऊ. मस्तक बदलणे त्या मानाने स्वस्त. लोंबारच्या पत्र्यावर अशा रीतीने क्रॉमवेलखेरीज फ्रान्सचा चौदावा लुई आणि खुद्द पहिला चार्ल्स यांचेही चेहरे आले. चार्ल्सला आपले धड परत मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. जॉर्ज सोम्स लेयार्ड यांनी १९२२ मध्ये या एकाच चित्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

पत्र्यातील प्रत्येक बदलानंतरच्या छापाला ‘अवस्था’ म्हणतात. मस्तकाची जागा कोरी असलेल्या अवस्थेतील छापही उपलब्ध आहे. त्यात घोडा, चिलखत, सेवक, सारे जागच्या जागी आहे. फक्त खांद्यांवर कोरा कागद दिसतो.