जुरोंगचा १९६३ चा कौल

सिंगापूरच्या मतदारांविषयी एक मांडणी आता जवळजवळ रूढ झाली आहे. ज्येष्ठांनी हलाखी सोसली, म्हणून ते घर आणि रोजगार देणाऱ्या पीपल्स ॲक्शन पार्टीच्या, म्हणजे पीएपीच्या पाठीशी राहतात. तरुणांना ते दिवस ठाऊक नाहीत, म्हणून त्यांना संसदेत विरोधी आवाज हवा असतो. जुरोंगचा इतिहास पाहिला की ही मांडणी डळमळते. २१ सप्टेंबर १९६३ च्या निवडणुकीत जुरोंगने पीएपीला नाकारून बारिसान सोशालिस या डाव्या पक्षाच्या चिया थाय पोह यांना निवडून दिलं. ते नान्यांग विद्यापीठाचे पदवीधर होते आणि त्यांनी विशी नुकतीच ओलांडली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘ऑपरेशन कोल्डस्टोर’मध्ये बारिसानच्या बिनीच्या नेत्यांसह शंभराहून अधिक जण स्थानबद्ध झाले होते, तरीही पक्षाला ५१ पैकी १३ जागा आणि सुमारे ३३ टक्के मतं मिळाली. आज ज्या पिढीच्या कृतज्ञतेचे दाखले दिले जातात, तिच्यातल्या पुष्कळांनी हलाखी डोळ्यांसमोर असतानाच विरोधकांना मत दिलं होतं. हलाखीची आठवण माणसाला आपोआप सत्ताधाऱ्यांकडे नेत नाही.

मग हा मतदार वळला कसा? अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६१ मध्ये दलदल, रबराचे मळे आणि कोळंबीची तळी असलेल्या या भागात औद्योगिक वसाहत उभारायला घेतली, तेव्हा लोक तिला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणत. टेकड्या कापून दलदली बुजवल्या गेल्या, पोलादाचा कारखाना आला, १९६८ मध्ये जुरोंग टाउन कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि पुढे टेबान गार्डन्स, पांदान गार्डन्स अशा कामगार वसाहती उभ्या राहिल्या. त्याच १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतले पैसे सरकारी फ्लॅट घेण्यासाठी वापरता येऊ लागले. कामगाराची नोकरी, त्याची म्हातारपणची पुंजी आणि डोक्यावरचं छप्पर, तिन्ही एकाच राज्ययंत्रणेशी जोडली गेली. मला या वळणाची मुख्य किल्ली इथे दिसते: माणसाचं वय वाढण्यापेक्षा त्याचं राज्याशी असलेलं नातं बदलणं अधिक निर्णायक ठरलं.

यावर कुणी म्हणेल की हे नातं धाकाचंही होतं. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारणं अन्यायाचं ठरेल. चिया थाय पोह यांना ऑक्टोबर १९६६ मध्ये अटक झाली. खटला न चालवता त्यांना सुमारे २३ वर्षं कैदेत ठेवलं गेलं आणि शेवटचे निर्बंध १९९८ मध्ये उठले. जुरोंगने निवडून दिलेल्या माणसाचं हे झालं, तेव्हा शेजारपाजारच्यांनी त्यातून काही बोध घेतला नसेल असं मानणं कठीण. पण बारिसाननेही १९६६ मध्ये संसद सोडली आणि १९६८ च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. ५८ पैकी ५१ जागा बिनविरोध गेल्या. समोर पर्यायच नसलेल्या मतदाराच्या मौनाला निव्वळ निष्ठा म्हणता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात लाल बावट्याच्या घरातली पोरं शिवसेनेकडे गेली, तिथे निदान दोन झेंडे समोरासमोर होते. १९७० च्या परळ पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या वामनराव महाडिकांचा विजय अटीतटीच्या लढतीतून आला. जुरोंगच्या पोरांना अशी लढत दर वेळी मिळाली नाही. २००६ मध्येसुद्धा जुरोंगचा, अनेक सदस्य एकत्र निवडणारा गटमतदारसंघ बिनविरोध गेला. त्या वर्षी एकवीस पूर्ण केलेल्या इथल्या रहिवाशाला संसदेसाठी पहिलं मत देता आलं ते २०११ मध्ये.

आजच्या तरुणांच्या चिंता वेगळ्या आहेत हे मान्यच. नव्या फ्लॅटच्या किमती, २०२४ मध्ये ९ टक्क्यांवर गेलेला वस्तू-सेवा कर, हवामान, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७-अ कलमाचं २०२२ मधलं उच्चाटन हे विषय त्यांच्या आजोबांच्या यादीत नव्हते. परंतु या चिंतांमधून सगळीकडे सारखं मतदान निघत नाही. २०२० मध्ये तरुण कुटुंबांच्या सेंगकांगने वर्कर्स पार्टी या विरोधी पक्षाला ५२ टक्के मतं दिली. त्याच दिवशी जुरोंगमध्ये पीएपीला जवळपास ७५ टक्के मिळाली आणि लगतच्या वेस्ट कोस्टमध्ये ती ५२ टक्क्यांखाली घसरली. जुरोंगचा आकडा तिथले खासदार थर्मन षण्मुगरत्नम यांच्या लोकप्रियतेचा, असं म्हटलं जाई. ते २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, २०२५ मध्ये मतदारसंघाची फेररचना होऊन जुरोंग ईस्ट–बुकिट बाटोक असं नाव आलं, आणि तरीही पीएपीला तीन चतुर्थांशांहून अधिक मतं पडली. मतपत्रिकेवर वय लिहिलेलं नसतं; पण सेंगकांगमध्ये समोर वर्कर्स पार्टीसारखा मुरलेला पक्ष होता, जुरोंगमध्ये २०२० मध्येच जन्मलेला रेड डॉट युनायटेड. १९६३ च्या जुरोंगपुढे मात्र संघटना, कामगार युनियन आणि जवळच नान्यांग विद्यापीठ असलेला विरोधी पक्ष उभा होता.