वेजचा मुलामा आणि चेंडूची फिरकी

वेज हा गोल्फमधील सर्वांत तिरप्या तोंडाचा क्लब. कल साधारण ४६ ते ६० अंश. आखूड फटक्यांसाठी आणि बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू बाहेर काढण्यासाठी तो वापरतात. त्याचे पोलाद क्रोम वा निकेलने मढवतात, त्यावर काळा थर चढवतात किंवा ते तसेच कच्चे, म्हणजे ‘रॉ’, ठेवतात. रॉ वेज गंजतो आणि त्या खरबरीतपणामुळे जास्त फिरकी देतो, असा समज खेळाडूंत प्रबळ आहे. पण तो पुराव्यावर टिकत नाही. चेंडू तोंडाला अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी काळ टेकतो. तेवढ्या वेळात कल, क्लबचा वेग, चेंडूचे आवरण आणि दोहोंमधले घर्षण यांतून उलटी फिरकी जन्मते. तोंडावर कोरलेल्या खाचांचे काम पाणी व चिरडलेल्या गवताचा रस वाहून नेऊन धातू चेंडूला भिडू देणे हे आहे. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी लांब गवतातून मिळणारी फिरकी कमी करायचे ठरवले, तेव्हा २०१०पासून लागू झालेल्या नियमांत त्यांनी खाचांचे आकारमान घटवले आणि २५ अंशांपासून पुढच्या क्लबांच्या कडा बोथट करायला लावल्या. मुलाम्याचे प्रकार मात्र मोकळे राहिले. शिवाय तोंडावरच्या कोणत्याही प्रक्रियेने प्रमाण पोलादी तोंडापेक्षा लक्षणीय वेगळी फिरकी मिळू नये, अशी अटही नियमांत आहे.

क्रोममुळे खाचांच्या कडा भरतात, हा आक्षेप पहिल्या नजरेला पटतो. पण नियमांची मापे तयार क्लबला लागू होतात, त्यामुळे थराची जाडी धरूनच खाचा कोरता येतात. गंजाचे म्हणाल, तर तो ठिसूळ असतो आणि काही फटक्यांतच तोंडावरून झडतो.

म्हणून निवड हवामान आणि जमीन पाहून करावी. उदाहरणार्थ, सौदी अरेबियातील कसीम प्रांताची राजधानी बुरैदा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नज्दच्या कोरड्या पठारावर आहे. मुंबईच्या चेंबूरमधील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या खाऱ्या, दमट हवेत रॉ वेज पावसाळ्यात झपाट्याने तांबूस होईल. बुरैदाच्या हवेत तो बराच काळ तसाच राहील. तिथे रॉची भीती अनाठायी आणि त्याचा महिमाही. खरा शत्रू वाळू आहे. सौदीतल्याच धहरान येथील अरामको या तेल कंपनीच्या वसाहतीत एकेकाळी हिरवळीऐवजी तेल घातलेल्या वाळूच्या ‘ब्राऊन’वर गोल्फ खेळत. वाळूतील क्वार्ट्झ साध्या पोलादाहून कठीण असते, ते खाचांच्या कडा झिजवते, आणि झिजलेल्या कडांची फिरकी कोणताही रंग परत आणत नाही. अशा जमिनीवर कठीण क्रोमच अधिक शहाणपणाचे. प्रखर उन्हात क्रोम डोळ्यांवर चमकते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर चकचकीत क्रोमऐवजी मंद, घासलेले क्रोम घ्यावे. नुसता रंगासाठी दिलेला काळा थर वाळूत लवकर उडतो. बंकरमध्ये तर हा वाद उरतच नाही, कारण तिथे तोंड आणि चेंडू यांच्यामध्ये वाळूच असते. फिरकी हवी असेल, तर प्रत्येक फटक्यानंतर खाचांतली धूळ ब्रशने काढावी आणि युरेथेन आवरणाचा चेंडू वापरावा.