नवी पेठेतला टीव्ही, कराचीतला टीव्ही

२७ नोव्हेंबर २००८, गुरुवार. मी सहावीत होतो. सोलापुरात तेव्हा लोडशेडिंग इतकं अंगवळणी पडलं होतं की पाणी भरणं, दळण आणणं, अभ्यास, सगळं त्या वेळा बघून चालायचं. सकाळी घरचा टीव्ही बंद झाला तसे बाबा मला घेऊन नवी पेठेत आले. एका टीव्ही-फ्रिजच्या दुकानाबाहेर जनरेटर धडधडत होता आणि काचेमागच्या सगळ्या टीव्हींवर एकाच वेळी ताज जळत होतं. फुटपाथवर तीस-चाळीस माणसं उभी होती. कुणी बोलत नव्हतं.

आम्हाला ताज बघायचं नव्हतं. मामा आदल्या रात्री सीएसटीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघणार होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. सिद्धेश्वर धरणारा माणूस तास-दीड तास आधीच स्टेशनवर जाऊन बसतो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. गोळीबार दहाच्या आधीच सुरू झाला, तोही लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघणाऱ्यांच्या हॉलमध्ये. पण वाहिन्या स्टेशन सोडून केव्हाच ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसकडे गेल्या होत्या. गर्दीतलं कुणीतरी पडद्यालाच म्हणालं, "अबे, स्टेशनचं दाव की!" दोन-तीन माणसांनी मान हलवली. आमच्यासारखे अजून होते तर.

मामाचा फोन दुपारी आला. तो सीएसटीला पोचलाच नव्हता, दादरलाच अडकला होता. आमच्यापुरतं प्रकरण तिथं मिटलं.

ते पुन्हा उघडलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत. मित्राच्या हार्ड डिस्कवर 'टेरर इन मुंबई' नावाचा माहितीपट होता. डॅन रीड या ब्रिटिश दिग्दर्शकानं तो चॅनल फोरच्या 'डिस्पॅचेस' या शोधपत्रकारितेच्या मालिकेसाठी केला आणि जून २००९मध्ये, म्हणजे हल्ल्याला वर्षही व्हायच्या आत, तो दाखवला गेला. पुढे एचबीओनं तो फरीद झकारियांच्या निवेदनासह दाखवला. झकारिया मूळचे मुंबईचेच. त्यात स्टेशनवरच्या सीसीटीव्हीतलं चित्रण आहे, हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या कसाबची चौकशी आहे. पण त्याचा कणा म्हणजे फोनवरची संभाषणं. अतिरेकी आणि कराचीत बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातले कॉल पोलिसांनी हल्ला चालू असतानाच पकडले होते. ते आवाज जसेच्या तसे ऐकू येतात.

आवाज शांत आहेत, हे पहिल्यांदा जाणवतं. सूत्रधार दमदाटी करत नाही, एखाद्या प्रोजेक्ट मॅनेजरसारखा पाठपुरावा करतो. ताजमधली पोरं तिथले मोठाले कॉम्प्युटर स्क्रीन बघून हरखली आहेत आणि हा त्यांना आग लावायला सांगतोय, अजून का लावली नाही म्हणून विचारतोय. मग तो सांगतो, की माध्यमांत सर्वात जास्त तुमचंच, ताजचंच चाललंय.

मी तिथं लॅपटॉप बंद केला. हे त्याला कसं कळलं? टीव्हीवर बघून. म्हणजे नवी पेठेतल्या फुटपाथवर आम्ही जे बघत होतो, तेच तोही बघत होता. आम्हाला स्टेशन दिसत नव्हतं ते ज्या कारणानं, त्याच कारणानं तो खूश होता.

माझ्या धंद्यामुळे मला यातली तांत्रिक बाजूही सोडवत नाही. कराचीतले कॉल इंटरनेटवरून न्यू जर्सीतल्या एका कंपनीमार्फत फिरून भारतीय सिमकार्डांवर येत होते. दिसणारे नंबर अमेरिकेचे नि ऑस्ट्रियाचे. आज कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर लिहिणारा कुठलाही पोरगा ही मांडणी एका दुपारी करून देईल. पण फोनवरून फक्त बोलता येतं. गोळ्या चालू असताना हेलिकॉप्टर कुठल्या गच्चीवर उतरतंय, कमांडो कुठून येताहेत, हे दाखवणारी दुसरी वाहिनी लागते. ती आपण फुकट पुरवली. २९ ऑगस्ट २०१२ला कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट लिहिलं: थेट प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांचं काम अवघड आणि धोक्याचं झालं, आणि वाहिन्यांनी ते देशासाठी नव्हे, स्वतःच्या व्यापारी फायद्यासाठी केलं.

साठ तास सलग दाखवूनही जे कळलं नाही, ते थांबून, कागद आणि टेप गोळा करून केलेल्या तासाभराच्या कार्यक्रमात कळलं. पुढचा तुकडा यायला तीन वर्षं लागली. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या पीबीएसवर 'फ्रंटलाइन'नं प्रोपब्लिकाच्या सबॅस्टियन रोटेला यांच्यासोबत डेव्हिड हेडलीवर 'अ परफेक्ट टेररिस्ट' दाखवला. हेडली मुंबईत इमिग्रेशनचं ऑफिस थाटून, व्हिडिओ कॅमेरा घेऊन जागा टिपत फिरला होता, आणि एके काळी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी होता. आपल्याच सरकारला अडचणीचे प्रश्न विचारणारा तो कार्यक्रम होता. (हेडलीचे वडील नभोवाणीतले नावाजलेले माणूस होते. असले योगायोग कथेत घातले तर संपादक कापून टाकेल.)

मग हे आपल्याकडे का झालं नाही? "आपल्याकडे तेवढी तयारी नाही" हे उत्तर मला पटत नाही. माणसं होती. भोपाळ वायुकांडावर तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी 'बियाँड जेनोसाइड' केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला. कारणं काय, तर विषय शिळा झालाय, मांडणीत संयम नाही, नुकसानभरपाईचा दावा न्यायालयात आहे, वातावरण तापेल. सर्वोच्च न्यायालयानं १९९२मध्ये ही कारणं फेटाळली. आनंद पटवर्धनांच्या 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'साठी तोच झगडा २००६पर्यंत चालला. सरकार एका हातानं पुरस्कार देई आणि दुसऱ्या हातानं दार लावी. खासगी वाहिन्या आल्या तेव्हा हे दार उघडायचं त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्याऐवजी ओबी व्हॅन घेतल्या. व्हॅनचा खर्च त्याच दिवशी वसूल होतो, तीन वर्षं कागद चाळणाऱ्या वार्ताहराचा होत नाही.

आता तर वारं उलटं आहे. २६/११नंतर सहाच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, 'सत्यम'च्या रामलिंग राजूंनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. मी ज्या क्षेत्रात पोट भरतो त्यातला तो सर्वात मोठा घोटाळा. २०२०मध्ये नेटफ्लिक्सनं बड्या उद्योगपतींवर 'बॅड बॉय बिलियनेअर्स' मालिका आणली, तेव्हा राजूंवरचा भाग हैदराबादच्या न्यायालयाच्या स्थगितीमुळे अडकला. मालिका त्याच्याशिवाय आली. १९९२ला न्यायालय 'दाखवा' म्हणालं होतं, इथं 'थांबा' म्हणालं.

दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर २०१५पासून केबल टीव्हीच्या नियमांतच बंदी आहे. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्यानं वेळोवेळी सांगितलेलं तेवढंच दाखवायचं. नियम योग्यच आहे. पण काय दाखवू नये एवढंच नियम सांगतो. नंतर काय शोधावं, हे कुठलाच नियम सांगत नाही.

गेल्या दिवाळीत मामा घरी आला होता. मी त्याला 'टेरर इन मुंबई' लावून दिला. सीसीटीव्हीतला तो हॉल आला तसा त्यानं मला थांबवायला सांगितलं. चष्मा पुसला, टीव्हीजवळ गेला आणि पडद्यावर एका जागी बोट ठेवलं.

"इथं पेपर टाकून बसायचो बघ आम्ही. सिद्धेश्वर लागेपर्यंत."

मग म्हणाला, "लाव पुढं."