विमान-गोंगाट (मुंबई विमानतळ परिसर)

विमानांची उड्डाणे, उतरणे आणि जमिनीवरील हालचाली यांमुळे विमानतळालगतच्या वस्तीला सोसावा लागणारा आवाज. रस्त्याचा किंवा रेल्वेचा आवाज भिंतीने, समोरच्या इमारतीने थोडाफार अडतो. विमानाचा डोक्यावरून येतो, त्याला आडोसा नाही. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हे भारतातील याचे ठळक उदाहरण. सांताक्रूझचे हे मैदान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. एअर इंडियाची बोइंग 707 जेट विमाने 1960 मध्ये आली आणि तेव्हापासून शहर व विमानतळ दोघेही एकमेकांच्या अंगावर वाढत गेले.

येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असताना दुसरी मोकळी वापरता येत नाही, म्हणून बहुतेक भार 09/27 या पूर्व-पश्चिम मुख्य धावपट्टीवर पडतो. वारा बरेचदा पश्चिमेकडून असल्याने विमाने पूर्वेकडून उतरतात आणि समुद्राच्या दिशेने उडतात. परिणामी गोंगाट विमानतळाभोवती गोल पसरत नाही, तो नकाशावर एका रेषेत राहतो : पूर्वेला घाटकोपर, कुर्ला, जरीमरी; पश्चिमेला पार्ले आणि सांताक्रूझ यांमधला मिलन सबवेचा भाग व पुढे जुहू. मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असली की 14/32 वापरात येते आणि त्या दिवशी वर्सोवा-अंधेरीकरांना विमानतळ आठवतो.

उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून तीन किलोमीटरवर, घाटकोपर स्थानकाच्या आसपास, ते जेमतेम 170 मीटरवर असते. चाके उघडलेली स्पष्ट दिसतात. उड्डाणाचा आवाज इंजिनाचा, भरीव आणि गडगडाटी. उतरतानाचा वेगळा : इंजिने मंदावलेली असतात आणि बाहेर आलेली चाके व फ्लॅप वारा कापत असतात. भारतात संख्येने भरपूर असलेल्या एअरबस 320 जातीच्या जुन्या विमानांची एक शिट्टीही ओळखीची आहे. पंखाखाली इंधनटाकीसाठी गोल छिद्रे असतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी हवा त्यांवरून जाते. छिद्राजवळ बोटभर धातूचा तुकडा बसवला की शिट्टी जाते. लुफ्तान्साने 2014 पासून आपल्या विमानांवर हे केले. इतका स्वस्त उपाय या क्षेत्रात दुसरा क्वचितच असेल.

या रेषेवरच्या घरांत बोलण्याला एक खास विराम असतो. ‘थांब, विमान जातंय’ असे म्हणून फोन कानापासून दूर धरायचा आणि वाक्य जिथे सोडले तिथूनच उचलायचे. परक्याला ते चमत्कारिक वाटते. घरच्यांना आपण थांबलो होतो हेही लक्षात येत नाही. सवय होते ती बोलण्याला. झोपेतल्या शरीराला ती तितकी होत नाही. रक्तदाब आणि नाडी आवाजाला प्रतिसाद देतच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये विमानांच्या आवाजासाठी रात्रीची 40 डेसिबलची मर्यादा सुचवली ती याच कारणाने.

भारतीय नियम वेगळ्या वाटेने गेले. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. विमानतळ परिसरासाठी 2018 मध्ये स्वतंत्र मानके आली : गजबजलेल्या विमानतळांना दिवसा 70, रात्री 65. आकड्यांइतकीच त्यांची मोजणीही पाहण्याजोगी आहे, कारण ही सरासरी आहे. समजा, रात्री तासाला दोनच विमाने गेली, प्रत्येकाचा आवाज 15 सेकंद 85 डेसिबल राहिला आणि बाकी सारे शांत असले, तर सरासरी 64 च्या आसपास भरते. मर्यादा पाळली जाते. दहा ते सहा या आठ तासांत झोप मात्र सोळा वेळा मोडू शकते. मुंबईत रात्रीची उड्डाणबंदी नाही. फ्रँकफुर्टला 2011 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियोजित उड्डाणे नाहीत. युरोपात सकाळी पोचायचे तर इथून मध्यरात्रीनंतर निघावे लागते, आणि पलीकडच्या शांततेचा काही भाग कुर्ला-पार्ल्याच्या हिशेबात लिहिला जातो.

याच पट्ट्याला ‘फनेल झोन’ म्हणतात. विमानांच्या मार्गामुळे इथे इमारतींच्या उंचीवर बंधन आहे, म्हणून वाढीव मजल्यांवर चालणारा पुनर्विकास अडतो. जुन्या इमारती, सैल चौकटीच्या खिडक्या आणि उकाड्यात त्या उघड्याच ठेवण्याची गरज. दुहेरी काच हा उपाय येथे बहुतांशी कागदावरचा. 25 मार्च ते 24 मे 2020 या टाळेबंदीच्या काळात देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा यांतल्या अनेक घरांना आपल्या गल्लीचा मूळ आवाज प्रथमच ऐकू आला.

मुलांवरील परिणामांचा सर्वांत नेटका पुरावा म्युनिकचा. तेथील रीम विमानतळ 1992 मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना आधी व नंतर तपासले : जुन्या जागी वाचन आणि स्मरण सुधारले, नव्या जागी खालावले. मुंबईतील बदल मात्र अर्धाच आहे. नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली, सांताक्रूझचा विमानतळ चालूच आहे, आणि उलवे-पनवेल परिसरात नव्या इमारती अजून उभ्या राहत आहेत.