पांढरा कोळसा

भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहिले, ‘पाण्यापासून निघणारी वीज म्हणजे पांढरा कोळसा.’ मुलांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले. मागच्या बाकावरचा, मूळचा मुळशीकडचा एक पोरगा तेवढा उभा राहिला. “सर, मग आमच्या पणज्याचं गाव त्या कोळशाच्या खाणीत गेलं म्हणायचं!”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आमची शाळा चिंचवडची. येथून चाकणपर्यंत आज कारखान्यांची रांग लागली आहे; पण दापोडीला आमच्या पवनेला जी मुळा भेटते, ती त्या पोराच्या पणज्याच्या डोंगरातूनच येते. म्हणून त्या दिवशी भूगोल बाजूला ठेवून मी इतिहास सांगितला. वाचकहो, तोच आज तुम्हांला सांगतो.

मुंबईच्या गिरण्या एके काळी दगडी कोळशावर चालत. तो दूर बंगालकडून आणायचा. खर्च मोठा आणि धूर अपार. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडवावा, कड्यावरून कोकणात उतरवावा आणि त्या पडत्या पाण्यावर वीज काढावी, ही टाटांची कल्पना खरोखरच भव्य होती. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग दृष्टी मुळशी पेट्याकडे वळली. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण आणि घाटाखाली भिऱ्याला वीजघर, असा बेत ठरला. पाण्याखाली जाणार होती ती सुमारे पन्नास गावे, आंबेमोहोर पिकवणारी खाचरे, आणि दहा-अकरा हजार माणसांची घरेदारे.

ज्यांचे जायचे, त्यांना कोणी विचारले नव्हते. एका मावळ्याच्या शेतात परस्पर चाचणीचा चर खणला गेला. त्याने हरकत घेतली, तेव्हा साहेबाने त्याच्या छातीवर पिस्तूल रोखले, असे सांगतात. पुण्याचे विनायकराव भुस्कुटे गावोगाव पायपीट करू लागले. पांडुरंग महादेव बापट त्यांना येऊन मिळाले. पारनेरचा हा गृहस्थ तरुणपणी पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून आलेला. तोच आता मावळ्यांना रिकाम्या हातांनी बसायला शिकवू लागला!

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ एवढेच त्यांचे म्हणणे. काम थांबले. टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता या गरिबांचे मन वळवावे, अशा अर्थाचे गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहिले. पण थांबलेले काम काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहही सुरू झाला. पुरुषांमागून बायकाही तुरुंगात गेल्या.

घाव बसला तो मात्र दुसरीकडूनच. पुष्कळशी जमीन मावळे कसत, पण कागदावर ती पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. सरकारने भरपाई देऊ केली आणि सावकारांना ती हवीशी वाटली. पैसा कागदावरच्या नावाला मिळायचा. जो पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभा राहिला, त्याच्या पदरी काय? सत्याग्रहाची एकजूट तेथे उसवली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी साथीदार घेऊन धरणाच्या कामावरची गाडी अडवली, ती मात्र हत्यार हाती घेऊन. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. मावळ्यांची जमीन गेली. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी तेवढी उरली.

हरलेली लढाई मुलांना कशाला सांगायची, असे एका सहशिक्षकांनी मला विचारले. मी म्हटले, ती पुन्हा पुन्हा लढावी लागते म्हणून. खऱ्याखुऱ्या काळ्या कोळशासाठी ताडोब्याच्या जंगलाला खेटून लोहारा येथे खाण व्हायची होती. २००९ साली चंद्रपूरकरांनी निदर्शने केली, उपोषण केले, आणि केंद्र सरकारने ती खाण नाकारली. उलट आमच्याच नळासाठी पवनेची जलवाहिनी निघाली, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी प्राणांस मुकले. त्यांत एक बाई होती. ते पाणी चिंचवडला, म्हणजे माझ्याच घरी यायचे होते. हे वर्गात सांगताना माझा आवाज थोडा अडखळला, हे कबूल करतो.

वीज नको, असे मी म्हणत नाही. दिव्याखालीच हे लिहितो आहे. पण दिवा कोणाच्या खाचरावर लागला, हे दिवा लावणाऱ्याला ठाऊक असावे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचे वाक्य तसेच ठेवले आणि त्याखाली लिहिले, ‘१६ एप्रिल १९२१’. मागच्या बाकावरच्या पोराने ती तारीख वहीत उतरवून घेतली, आणि खाली आपल्या पणजोबांचे नाव लिहिले.