कोंबडीच्या तळपायाचे गळू

कोंबडीच्या तळव्याच्या मधल्या मांसल गादीत, क्वचित बोटांखालच्या लहान गाद्यांत, जंतुसंसर्गाने होणारी पुवाची गाठ. पशुवैद्य तिला बंबलफूट म्हणतात. मध्यभागी काळी किंवा गडद तपकिरी गोल खपली आणि भोवती गरम, लालसर सूज ही तिची खूण. वरवर पाहता ती कुरूप वाटते, म्हणून घरचे लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत. कुरूप म्हणजे नुसती निबर झालेली कातडी. इथे मात्र खपलीखाली संसर्ग चालू असतो. वेळेवर उपचार न झाल्यास तो स्नायुबंधांत, सांध्यांत आणि हाडांत उतरतो आणि पक्षी कायमचा लंगडा होतो किंवा दगावतो.

संसर्ग बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा असतो; कधी विष्ठेतील ई. कोलाय किंवा इतर जंतूही त्यात मिसळतात. स्टॅफिलोकॉकस जंतू माणसाच्या पुवात 1880 मध्ये स्कॉटिश शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी ओळखले. निरोगी माणसाच्या नाकात व कातडीवर ते एरवीही आढळतात. कोंबड्यांत पसरलेला या जंतूचा एक प्रकार माणसाकडूनच त्यांच्याकडे गेला, असे 2009 मध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी जनुकीय तुलनेतून दाखवले. म्हणून जखम हाताळताना हातमोजे घालणे आणि नंतर साबणाने हात धुणे माणूस व कोंबडी दोघांसाठी गरजेचे आहे.

जंतू धडधाकट कातडीतून आत शिरत नाही. त्याला फट लागते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात अशी फट पडायला कारणे पुष्कळ. घराभोवतीची जमीन, गडगे, पायऱ्या, पुष्कळदा खुराड्याची भुईसुद्धा जांभ्याची. जांभा खरखरीत व सच्छिद्र असतो. नव्या चिऱ्याच्या कडा तळवा सोलतात आणि जुन्या चिऱ्याच्या भोकांत विष्ठा व ओल साचून राहते. परसात करवंदीचे काटे, करवंटीच्या कपच्या, फुटक्या कौलांचे तुकडे पडलेले असतात. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सतत ओल्या भुईवर वावरल्याने तळव्याची कातडी मऊ पडते, विष्ठेतून सुटणारा अमोनिया तिला जाळतो, आणि एरवी जिथे नुसता ओरखडा उठला असता तिथे जखम होते.

वजनाचाही भाग मोठा आहे. गावठी कोंबडी साधारण एक ते दीड किलोची, चपळ, झाडावर रात्र काढणारी. तिला हा विकार तुलनेने कमी होतो. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज किंवा हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज या जाती परसासाठीच आहेत, पण अंगाने बऱ्याच भारी. गावठी कोंबडीसाठी बांधलेल्या उंच बसणीवरून असा जड पक्षी रोज सकाळी धप्पकन खाली उडी घेतो आणि सगळा भार तळव्यावर घेतो. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पोसलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व व बायोटिन पुरेसे मिळत नाही. त्यांच्या अभावी कातडी कमकुवत होते. जात बदलली तर खुराडेही बदलायला हवे. पिल्ले वाटणाऱ्या योजनांमध्ये ही गोष्ट पिल्लांसोबतच सांगितली जावी.

सुरुवातीला कोंबडी फक्त पाय अंग चोरून टेकते. मग एका पायावर उभी राहू लागते, खाताना इतरांच्या मागे राहते, दिवसाही बसून असते, अंडी कमी घालते. दुखऱ्या पायाचा भार चांगल्या पायावर गेल्याने काही काळाने तिथेही गळू धरते. म्हणून तपासताना दोन्ही तळवे उलटून पाहावेत. पाय लंगडण्याची कारणे मात्र अनेक. नडगीवरचे खवले उचलले जाऊन पांढरट पापुद्रे सुटत असतील तर ती खवल्यांखालच्या किडीची बाधा. तुऱ्यावर आणि तोंडाभोवती फोड असतील तर देवी. पाय लुळा पडला पण तळवा स्वच्छ असेल तर मरेक रोग असू शकतो. लुळेपणासोबत मान वाकडी होणे, हिरवट हगवण आणि एकामागून एक कोंबड्या मरणे ही मानमोडीची लक्षणे होत. तिथे पायावर उपचार करत बसू नये, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

उपचार समजण्यासाठी पक्ष्याच्या पुवाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माणसाचा पू पातळ असतो, टोचले की वाहतो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारी काही विकरे नसतात, त्यामुळे त्यांचा पू घट्ट होऊन भिजवलेल्या वालाच्या दाण्यासारखी पिवळसर गोळी बनते. ही गोळी दाबून निघत नाही आणि तिच्या गाभ्यात औषध नीट पोहोचत नाही. गोळी आत ठेवून केवळ इंजेक्शने देत राहिल्यास सूज चार दिवस उतरते आणि पुन्हा चढते.

गळू लहान असेल, सूज तळव्यापुरतीच असेल आणि कोंबडी नीट खात असेल तर घरी उपचार करता येतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा तिला टॉवेलात सैलसर गुंडाळावे. छातीवर दाब देऊ नये. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलवूनच ते श्वास घेतात, घट्ट आवळल्यास गुदमरतात. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे 9 ग्रॅम मीठ घालून त्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. खपली मऊ झाल्यावर ओल्या कापसाने कडेकडेने सैल करावी. ती सहज सुटली आणि गोळी वर आलेली असेल तर निर्जंतुक चिमट्याने अलगद उचलावी. सुटली नाही तर ओढू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेकावे. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून जखम धुवावी, कोरडी करावी, वर स्वच्छ गॉज, त्यावर कापसाची गादी ठेवून पट्टी बोटांमधून फुलीसारखी बांधावी. बोटे थंड पडली किंवा सुजली तर पट्टी घट्ट झाली आहे, ती लगेच सोडावी. सुरुवातीला पट्टी रोज बदलावी आणि ओली झाल्यास त्याच क्षणी. लहान जखम दोन ते तीन आठवड्यांत भरते. खोल जखमेला महिन्याहून अधिक काळ लागतो.

सूज घोट्याकडे चढली, बोटे फुगली, तळव्याला भोक पडून आत पोकळी दिसू लागली किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही, तर काम पशुवैद्याचे. गाभा खोल असेल तेव्हा ब्लेडने घरी कापू नये. सव्वा किलोच्या कोंबडीच्या अंगात सारे मिळून सुमारे 80 ते 100 मिलिलिटर रक्त असते. तळव्यातली एखादी शीर तुटली तर कोंबडी डोळ्यांदेखत जाते. भूल देण्याचे औषधही पक्ष्यांना अगदी मोजून द्यावे लागते.

घरगुती उपायांतला हळदीचा लेप स्वच्छ, उघड्या जखमेवर फारसा त्रासदायक नाही, पण खपलीवरून थापल्यास त्याखाली पू तसाच कोंडलेला राहतो. बिब्बा लावणे किंवा तापलेल्या सळईने डाग देणे हे दोन्ही क्रूर आहे आणि जळालेले मांस जंतूंना आयते खाद्य होते. माणसांची वेदनाशामक गोळी कोंबडीला कधीही देऊ नये. अशा गोळ्यांत असणारे डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडांना निकामी करते, हे कळल्यावर 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे.

प्रतिजैविके पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत. उरलेल्या कॅप्सूलची पूड पाण्यात कालवून पाजल्याने मात्रा चुकते आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात. माणसासाठी अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरण्यास 2019 मध्ये भारत सरकारने मनाई केली, ती याच भीतीने. औषध चालू असताना आणि नंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ वा विकू नयेत. दुखणे वाढले की कोंबडी कापून संपवण्याकडे कल असतो. ताप असलेल्या, संसर्ग अंगभर पसरलेल्या पक्ष्याचे मांस खाण्यायोग्य नसते.

पाय बरा होऊन पक्षी पुन्हा त्याच भुईवर सोडला तर गळू पुन्हा होते, म्हणून खुराडे हा उपचाराचाच भाग मानावा. भुई कोरडी ठेवून तिच्यावर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरावा, ओला झालेला भाग काढून टाकावा. पावसाचे पाणी आत येणार नाही इतकी जमीन उचलावी, छपराला पुढे झाप लावावा. बसणीसाठी कातरलेला बांबू किंवा कोर असलेली पट्टी नको. दोन इंच रुंदीचे, कडा तासून गोल केलेले लाकूड गुडघाभर उंचीवर पुरते. कण्यांच्या जोडीला शेवग्याचा पाला, हिरवा भाजीपाला आणि थोडे संतुलित खाद्य द्यावे.

एका कोंबडीच्या किमतीपेक्षा तिला दवाखान्यात नेण्याचा खर्च अनेकदा जास्त पडतो, आणि या कोंबड्या बहुतेक घरांत बायकांच्या हातातला पैसा असतात. त्यामुळे निष्काळजीपणापेक्षा अडचणच उपचाराच्या आड येते. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यांत आहेत, पशुसेवेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक 1962 आहे, आणि अवघड शस्त्रक्रियेसाठी शिरवळ व मुंबई येथील पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. पण बहुतेक पाय तिथवर नेण्याची वेळ येऊ नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, खुराडे बंद करताना, प्रत्येक कोंबडी उचलून तिचे दोन्ही तळवे बॅटरीच्या उजेडात पाहावेत. खपली नुकतीच धरलेली दिसली तर त्याच रात्री मिठाच्या पाण्याचा शेक सुरू करावा.